अण्णानं मांडलेल्या खुर्च्या

डोनाचा फोन आला तेव्हा मी क्युपर्टिनोला माझ्या लेकीच्या, मीनाच्या स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले होते. डोना माझ्या भावाच्या गावातली, तिकडे नेवाड्यात. केस कापायचं दुकान चालवते. माझं इंग्रजी कामापुरतं, आणि तिला मराठीचा गंध नाही, त्यामुळे आमचा फोन म्हणजे "हाऊ आर यू, ओके, बाय" एवढाच. त्या दुपारी मात्र ती थांबत थांबत बोलत होती. "कुसुम, हनी, आधी खाली बस," म्हणाली. मी बसलेलीच होते. तरी उठले आणि पुन्हा बसले.

मग तिनं जे सांगितलं ते मला एकदम कळलंच नाही. तिच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर लॉजचा हॉल आहे. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी अण्णा जिना चढून वर जायचा, एक खुर्ची ओढायचा, तासभर बसायचा आणि खाली येऊन तिच्याकडे कॉफी प्यायचा. वर एकच खुर्ची सरकल्याचा आवाज, हे तिच्या कानाच्या सवयीचं झालं होतं. त्या मंगळवारी एक सरकली. मग दुसरी सरकली. मग तिसरी... मग तिनं मोजायचं सोडून दिलं. तिला वाटलं, बरं झालं, आज जॅककडे पाहुणे येणार दिसतात. आमच्या जनार्दनअण्णाला गावात जॅक म्हणत. तिनं बशीत बिस्किटं काढली आणि वर गेली. "ही सेट ऑल द चेअर्स, कुसुम," ती म्हणाली. चारी भिंतींना लागून सगळ्या खुर्च्या ओळीनं मांडलेल्या, आणि दाराजवळच्या आपल्या जागी अण्णा बसलेला. गळ्यात लॉजचा जरीचा पट्टा, मान जराशी कलती. तिला वाटलं, डुलकी लागली...

फोन ठेवला आणि मी उरलेली मेथी निवडून संपवली. का, ते विचारू नका. मीना आल्यावर रागावली, "आई, मला ऑफिसात फोन का नाही केलास?" मी म्हटलं, "तू गाडी चालवत येणार. चालवताना कशाला."

अण्णा माझा थोरला भाऊ. वडील तासगावला कापडदुकानात कामाला, घरात आम्ही दोघंच भावंडं. अण्णा हुशार. शिष्यवृत्त्यांवर शिकत शिकत खाणीतलं इंजिनियरिंग शिकायला अमेरिकेला गेला तो तिकडचाच झाला. माझी शाळा सातवीला सुटली. पुढं जे काही लिहा-वाचायला आलं ते अण्णाला पत्रं लिहून. तो माझं पत्र लाल पेन्सिलीनं दुरुस्त करून परत पाठवायचा. एकदा मी चिडून लिहिलं, मी तुझी बहीण आहे, विद्यार्थिनी नाही. तर उत्तरात आलं, "विद्यार्थिनी हा शब्द बिनचूक लिहिलास, शाबास." असला माणूस.

आमच्याकडे ज्या बाईला भाऊ नाही ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. मला भाऊ होता, पण तो समुद्रापलीकडे. लग्नानंतरच्या पहिल्या भाऊबीजेला मी निरांजन घेऊन अंगणात निघाले तर आईनं हात धरला. म्हणाली, "चंद्राला नको ओवाळू बाई. तो भाऊ नसलेल्यांचा. तू आपली फोटोला ओवाळ." तेव्हापासून मी कितीतरी वर्षं भिंतीवरच्या फोटोलाच ओवाळलं. फोटोतल्या अण्णाच्या कपाळावर कुंकवाचा डागच पडला होता कायमचा.

दोन हजार एक साली आमचे हे गेल्यावर मी मीनाकडे राहायला आले, आणि त्याच दिवाळीत मीना म्हणाली, "चल, या वर्षी तुला खऱ्या अण्णामामाकडे नेते." सुधावहिनी वर्षभरापूर्वीच गेली होती. मूलबाळ नाही. अण्णा एकटा. आम्ही पहाटे निघालो, डोंगर ओलांडला, जुगाराची शहरं मागं टाकली, आणि मग जे माळरान सुरू झालं ते संपेचना. मीनाची लेक ईशा तेव्हा लहान होती, ती सारखी विचारायची, "आर वी लॉस्ट?" गावाचं नाव ड्राय क्रीक. कोरडा ओढा. नावातच सगळं आलं. एक रस्ता, एक पोस्ट, पेट्रोलपंप, बंद पडलेली तांब्याची खाण, आणि मधोमध विटांची दुमजली इमारत. अण्णानं घर दाखवायच्या आधी ती इमारत दाखवली.

लॉज म्हटलं की आपल्याला एसटी स्टँडसमोरची उतरायची जागा आठवते. हे तसलं नव्हे. ही एक बंधुमंडळी. अण्णानं मला आमच्या आजोबा-पणजोबांचं जेवढं सांगितलं नसेल तेवढं या लॉजचं सांगितलं. खाण सुरू झाली तेव्हा देशोदेशींहून एकटेदुकटे गडी तिथं कामाला आले. खाणीत दरड पडायची, माणूस मरायचा, आणि त्याला पुरायलाही कुणी नसायचं. नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. तेव्हा काही गड्यांनी मिळून शपथ घेतली की यापुढं आपल्यातला एकही भाऊ एकटा मातीत जाणार नाही. लॉजचं मूळ एवढंच. पुढं वर्गणीतून ती इमारत उभी राहिली. खाली दुकानं, वर हॉल. एखादा गेला की त्याच्या घरी हिवाळ्याचं सरपण लॉजकडून, पोरांच्या शाळेचं लॉजकडून. एके काळी म्हणे हॉलमध्ये उभं राहायला जागा नसे, स्वतःचा बँड होता, मिरवणूक निघायची. मग खाण बंद झाली. तरुण माणसं गेली. म्हातारे राहिले.

अण्णाला मात्र सुखासुखी आत घेतलं नव्हतं. तिथं नवा माणूस घ्यायचा तर एक पेटी फिरते आणि प्रत्येकानं तिच्यात पांढरी किंवा काळी गोटी टाकायची. एक जरी काळी निघाली तरी नाही म्हणजे नाही. कुणी टाकली ते विचारायचं नाही, सांगायचं नाही. अण्णाच्या वेळी एक काळी निघाली. वहिनी म्हणाली होती, "झालं ना समाधान? आता त्यांच्या दारात उभा राहू नकोस." पण हा हट्टी. वर्षभरानं पुन्हा अर्ज केला. त्या वेळी सगळ्या पांढऱ्या. मी एकदा विचारलं, "पहिल्या वेळी कोण होता रे तो?" म्हणाला, "विचारायचं नसतं, कुशे." मी म्हटलं, "तुला विचारायचं नसेल. मी कुठं लॉजात आहे?" तर नुसता हसला.

त्या पहिल्या भाऊबीजेची गंमत सांगते. आम्ही गेलो तेव्हा सप्टेंबरच्या त्या न्यूयॉर्कच्या मनोऱ्यांच्या प्रकाराला फार दिवस झाले नव्हते. पेट्रोलपंपावर बाहेरगावच्या कुणीतरी अण्णाकडे बघून काहीबाही ओरडलं होतं. अण्णानं मला सांगितलं नाही, डोनानं मीनाला सांगितलं. तर लॉजमधला अर्ल म्हणून एक होता. अवाढव्य माणूस, आयुष्यभर खाणीत ड्रिल चालवून कान गेलेले, तोंडातून शब्द निघायची मारामार. तो दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी अण्णाच्या गाडीत येऊन बसायचा. "मला पोस्टात जायचंय," म्हणायचा. महिनाभर या माणसाला रोज पोस्टात काम. बायको नाही, पोर नाही, कुणाचं पत्र येत नाही. रोज पोस्टात.

लॉजच्या जेवणाला बायकामाणसं चालायची, तेव्हा भाऊबीजेच्या संध्याकाळी अण्णा आम्हाला वर घेऊन गेला. सात-आठ म्हातारे कोट घालून बसलेले. एकमेकांना ब्रदर अमुक, ब्रदर तमुक. अण्णानं ओळख करून दिली, "कुशे, हे सगळे माझे भाऊ." आता मी तबक घेऊनच गेले होते. मी म्हटलं, "तुझे भाऊ ते माझे कोण?" अण्णा म्हणाला, "बघ बाई, ओवाळायला लागलीस तर जेवण थंड होईल." म्हटलं, "होऊ दे." आणि बसवलं सगळ्यांना रांगेत. वॉल्ट नावाचा सगळ्यात म्हातारा, पूर्वी गावच्या आगबंबावर होता. पेटलेलं निरांजन बघून तो पाण्याची बादलीच घेऊन माझ्या मागं उभा राहिला. अर्लनं कुंकवाच्या बोटाकडे संशयानं बघून विचारलं, "विल इट हर्ट?" अण्णानं त्याच्या कानात मोठ्यानं सांगितलं, "फक्त पैसे काढताना दुखतं. तबकात ओवाळणी टाकायची." अर्लनं खिसे चाचपले आणि तबकात एक दगड टाकला. खाणीतला, हिरवी-निळी शीर असलेला. चाळीस वर्षं खिशात बाळगत होता म्हणे. दुसऱ्या दिवशी तो कपाळावर कुंकू तसंच ठेवून नाश्त्याला गेला. तिथल्या पोरीनं विचारलं, हे काय लागलंय. तर म्हणाला, "माय सिस्टर पुट इट देअर." डोनानं ही गोष्ट मला किती वेळा सांगितली असेल...

तेव्हापासून दर भाऊबीजेला ड्राय क्रीक. मी येणार म्हणून ते म्हातारे हजामत करून बसायचे. दर वर्षी रांग जरा आखूड व्हायची. मी निरांजनात तूप मात्र तेवढंच घालायची.

वॉल्ट गेला तेव्हा मी तिथंच होते. त्या वर्षी मीना मला पंधरा दिवस ठेवून गेली होती. सकाळी आंघोळ करून आले तर ओट्यावर स्टीलच्या भांड्यात हिरव्यागार डहाळ्या. ज्युनिपर नावाचं झाड असतं तिकडे, आपल्या सुरूसारखं, अण्णाच्या परसातच होतं. वास असा की कापूर आणि ओलं लाकूड एकत्र. मला काय वाटावं? त्या दिवशी चतुर्थी. त्या माळावर दुर्वा कुठल्या मिळायला. मला वाटलं, अण्णानं बिचाऱ्यानं माझ्या पूजेसाठी आणून ठेवलंय. मी त्या धुतल्या, छोट्या छोट्या जुड्या केल्या, आणि त्याच्या पितळी गणपतीला वाहिल्या. उदबत्ती लावली. हात जोडून उभी होते तोवर अण्णा काळा कोट, गळ्यात पट्टा अशा थाटात आत आला आणि देवाकडे बघतच राहिला.

"कुशे, अगं... त्या वॉल्टच्या होत्या."

लॉजची रीत अशी की भावाला मातीत ठेवलं की एक जण विचारतो, "हूज ब्रदर इज धिस?" हा कुणाचा भाऊ? बाकीचे एका आवाजात सांगतात, "अवर्स." आमचा. आणि मग प्रत्येकानं आपली डहाळी शवपेटीवर टाकायची. त्या डहाळ्या मी गणपतीला वाहून बसले होते. मी म्हटलं, "अण्णा, देवाला प्रेताचं वाहिलं रे मी. आणि आता प्रेताला देवाचं निर्माल्य..." तो खुर्चीत बसला. मग उठून एकेक डहाळी गणपतीपुढून उचलून पुन्हा भांड्यात ठेवायला लागला. म्हणाला, "वॉल्टला चालेल. तू ओवाळलंयस त्याला." आणि त्याच घेऊन गेला. पुढं लॉजमध्ये जो जो गेला, त्याच्या डहाळ्या आधी अण्णाच्या गणपतीपुढं आणि मग मातीवर. अण्णानं बाकीच्यांना सांगितलं होतं. अर्ल म्हणे एकदा आधीच बजावून गेला, "माझ्यासुद्धा त्या हत्तीपुढं ठेव हं जॅक."

मग माणसं भराभर गेली. पाच जण असल्याशिवाय सभा उघडायची नाही असा नियम, आणि एके दिवशी चारच उरले. मोठ्या शहरातल्या मुख्य लॉजमधून दोन सद्‌गृहस्थ आले, भिंतीवरची चौकटीतली सनद उतरवली, नीट कापडात गुंडाळली, सगळ्यांशी हात मिळवले आणि गेले. अण्णानं मला फोनवर सांगितलं, "सनद नेली. खुर्च्या नाही नेल्या." मी म्हटलं, "मग आता?" म्हणाला, "मग आता काय. मंगळवार थोडाच नेलाय त्यांनी." आणि खरंच, सभा नाही तर नाही, ते चौघं वर जाऊन बसायचे. चौघांचे तिघं झाले. मग दोघं. अर्लला ऐकू येत नाही, अण्णा मुळातच कमी बोलणारा. दोघं समोरासमोरच्या भिंतींना आपापल्या जुन्या जागी बसायचे म्हणे, मधे एवढा मोठा रिकामा हॉल. मी विचारलं, "अरे, जवळजवळ बसलात तर काय बिघडेल?" तर मलाच वेड्यात काढलं. "जागा ठरलेल्या असतात, कुशे."

या वर्षी बर्फ वितळता वितळता अर्ल गेला. अण्णाचा फोन आला त्या दिवशी त्याचा आवाज मला ओळखूच आला नाही. मीनानं सुट्टी काढली, ईशाला शाळेतून उचललं, आणि आम्ही गेलो. स्मशानात लॉजचा वेगळा कोपरा आहे, उतारावर, सगळे दगड एकाच उंचीचे. डोना, पेटी आणणारी दोन माणसं आणि आम्ही. एवढेच. लॉजचा माणूस म्हणून एकटा अण्णा. वारा असा की उभं राहवेना. अण्णा पेटीच्या डोक्याशी उभा राहिला, पट्टा एका हातानं धरून, आणि मोठ्यानं विचारलं, "हूज ब्रदर इज धिस?"

मग तो चालत पेटीला वळसा घालून पायथ्याशी आला. हळू चालत होता, जमीन ओबडधोबड. तिथं थांबून, जिथून विचारलं होतं त्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणाला, "अवर्स."

शब्द तोच आहे हो, आमचा. त्याला बदलता आला असता. तिथं त्याला कोण अडवणार होतं? पण तो आमचाच म्हणाला... आणि डहाळी टाकली. मीनानं तोंड फिरवलं. मी पदर डोळ्याला लावला नाही, कारण तो बघत होता.

संध्याकाळी आम्ही दोघं त्याच्या घराच्या पायरीवर बसलो होतो. मी चहा केला होता. "तुझा चहा म्हणजे आल्याचा काढा," हे तो दर वेळी म्हणायचा, त्या दिवशी म्हणाला नाही. नुसता प्यायला. मग एकदम म्हणाला, "आता सगळे गेले, कुशे. त्यातलाच कुणीतरी एक होता तो. काळी गोटी टाकणारा. आणि मी त्यालाही खांदा दिलाय." रागानं नाही म्हणाला. आपण म्हणतो ना, चला, गव्हाचं काम उरकलं, तसं म्हणाला.

थोड्या वेळानं म्हणाला, "एक चूक झाली बघ आमच्या नियमांत. एवढं सगळं ठरवलं. कुणी कुठं बसायचं, कुणी काय विचारायचं. पण शेवटच्या माणसाचं काय करायचं, ते कुणीच ठरवलं नाही. प्रत्येकाला वाटलं, आपल्यामागं कुणीतरी असणारच."

मी म्हटलं, "असलं संध्याकाळचं बोलू नये."

"बरं. मग उद्या सकाळी बोलतो."

सकाळी तो बोलला नाही. मीही विचारलं नाही. निघताना गाडीच्या खिडकीशी वाकून म्हणाला, "भाऊबीजेला ये." मी म्हटलं, "तूच ये की या वर्षी. सगळ्यांनी मिळून दिवाळी करू." म्हणाला, "बघू. मंगळवार सांभाळून."

मंगळवारीच गेला.

डोनानं हॉलमधलं काही हलवलं नव्हतं. आम्ही पोचलो तेव्हा तिनं किल्ली माझ्या हातात दिली आणि स्वतः खालीच थांबली. मी जिना चढले. खुर्च्या तशाच होत्या. जुन्या, जड, लाकडी, पाठीला कोरीव काम. त्या भिंतीकडच्या गठ्ठ्यातून एकेक ओढत आणायची म्हणजे तरण्याताठ्याचं काम, आणि हा ऐंशीच्या घरातला. मधे कितीदा दम खायला थांबला असेल... मला वॉल्टची जागा माहीत होती, खिडकीशी. अर्लची समोरच्या भिंतीला. मी अर्लच्या खुर्चीत बसले. तिथून दाराजवळची अण्णाची खुर्ची सरळ दिसत होती. अर्लला दर मंगळवारी काय दिसायचं ते मी बघत बसले. मीनानं येऊन उठवलं तेव्हा उठले.

दहन लांबच्या मोठ्या गावात करावं लागलं. आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत. लॉजमध्ये बायकांना घेत नाहीत. आता बाकी होत्या त्या सगळ्या बायकाच. मीनानं भट्टीचं बटण दाबलं. अस्थी घेऊन आम्ही परत ड्राय क्रीकला आलो. अण्णानं वहिनीच्या अस्थी कृष्णेत सोडल्या होत्या, पण स्वतःच्यासाठी त्या उतारावर अर्लच्या शेजारी जागा घेऊन ठेवली होती. मीनानं मला हळूच विचारलं, "चालेल ना गं आई?" मी म्हटलं, "जागा ठरलेल्या असतात."

सकाळी मी आंघोळ करून परसात गेले. ज्युनिपरच्या डहाळ्या मी कधी तोडल्या नव्हत्या, ते अण्णाचं काम. चिवट असतं ते झाड, हाताला चीक लागतो. डहाळ्या धुतल्या, त्याच्या गणपतीपुढं ठेवल्या, उदबत्ती लावली. मग त्याच स्टीलच्या भांड्यात घेऊन गेले. ईशाला गाडीतच सांगितलं होतं, तू डोक्याशी उभं राहायचं आणि विचारायचं. तिला म्हटलं, "मामाआजोबांसारखं मोठ्यानं." ती म्हणाली, "आजी, व्हॉट इफ आय क्राय?" मी म्हटलं, "आधी विचार, मग रड." मी माझा शब्द वाटभर तोंडात घोळवत होते. अवर्स. अवर्स. मला र नीट म्हणता यावा म्हणून मीनाकडून दोनदा म्हणवूनही घेतला. लॉजचा शब्द जसाच्या तसा म्हणायचा, त्यात आपलं काही घालायचं नाही, असं मी ठरवलं होतं. अण्णानं चूक काढायला नको.

छोटा खड्डा होता, अस्थींच्या कलशापुरता. डोनानं दुकान बंद ठेवून काळा ड्रेस घातला होता. ईशा डोक्याशी उभी राहिली. जीन्समधली पंधरा वर्षांची पोर, हात कुठं ठेवायचे ते तिला कळेना, शेवटी तिनं मागं बांधले. आणि खणखणीत विचारलं, "हूज ब्रदर इज धिस?"

माझ्या तोंडून शब्द आला तो "माझा."

वाटभर घोकलेला शब्द आलाच नाही. मी पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा तेच आलं. माझा. मग मी डहाळी टाकली, मीनानं टाकली, डोनानं टाकली. ईशानं तिची डहाळी टाकायच्या आधी वास घेतला. मला वाटतं, तोवर ती रडली नव्हती.

इमारत आता विकली जाणार आहे. सामान काढायच्या आधी डोनानं दाराजवळची खुर्ची बाजूला काढून ठेवली, आणि तिचा पुतण्या इकडे येणार होता त्याच्याबरोबर पाठवून दिली. माझ्या खोलीत खिडकीशी आहे ती. मी तिच्यावर बसत नाही. पुसते रोज.

परवा भाऊबीज झाली. या वर्षी घरात गोडधोड नाही, कंदील नाही. तरी मीनानं न बोलता तबक काढून ठेवलं होतं. निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी आणि अर्लचा तो दगड. दिवस मावळला. मी तबक घेऊन मागच्या अंगणात गेले. शेजाऱ्यांच्या गॅरेजवर बीजेची कोर दिसत होती, नखाएवढी. ती फार वेळ थांबत नाही, लगेच मावळते, म्हणून बायका घाई करतात. मी तबक उचललं. हात वर गेला आणि तिथंच राहिला. आईचा शब्द कानात. तो भाऊ नसलेल्यांचा...

मी तबक ओट्यावर ठेवलं, आत गेले आणि खुर्ची ओढत बाहेर आणली. जड आहे, मला उचलवत नाही, फरशीवरून चांगलाच आवाज झाला. ईशा धावत आली, "आजी, लेट मी!" मी म्हटलं, "नको. ओढूनच आणायची असते ती." भावाला ओवाळताना त्याचं तोंड पूर्वेला लागतं. मांडली तशी. पण मग चंद्र नेमका तिच्या पाठीमागं, माझ्या डोळ्यांसमोर येत होता. मी खुर्ची उलटी फिरवली. दिशा चुकली. अण्णानं नक्की टोकलं असतं.

खुर्चीच्या पाठीला कुंकू लावलं, बैठकीवर सुपारी ठेवली, अक्षता टाकल्या आणि ओवाळलं. चंद्र माझ्या पाठीमागं होता. मी वळून बघितलं नाही.